टेबलावर मांडी घालणारे सर

आमच्या मेळाव्यात चाळीस-पंचेचाळीस माणसं खुर्च्यांवर बसायची आणि एकटे सर टेबलावर. टेबलाशी नव्हे, टेबलावर! चांगली मांडी ठोकून, उजवा पाय जरा पुढे काढून, व्हायोलिनचं डोकं त्या पायाच्या घोट्यावर टेकवून. देगलूरला लहानपणी एका कानडी मास्तरांकडे ते असेच शिकले होते आणि दुसऱ्या कुठल्याही बैठकीत त्यांचा गज चालत नसे. जमिनीवर बसले तर मागच्या पोरांना ते दिसत नसत. म्हणून दर जानेवारीत शाळेचा शिपाई स्टाफरूममधलं मोठं टेबल हॉलमध्ये ओढत आणायचा आणि पुटपुटायचा, "सर बसवून राहिलो का गणपती बसवून राहिलो, कळंना."

हा मेळावा म्हणजे तंतुवाद्यांचा. नांदेडच्या आमच्या शाळेत शनिवार-रविवार असे दोन दिवस भरायचा. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतली आठवी ते बारावीची मुलं आणि त्यांचे शिक्षक, सगळ्यांनी मिळून एक ऑर्केस्ट्रा करायचा. ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर आमच्या गावाला गणपतीतला, सिनेमाच्या गाण्यांचा ऑर्केस्ट्राच ठाऊक. इथं गाणारी बाई नाही, ढोलकी नाही, नुसतीच व्हायोलिनं आणि दोन चेलो, हे कळल्यावर पहिल्या वर्षी निम्मे पालक मध्येच उठून गेले म्हणे. सर शिकवायचे भूगोल, पण जीव सगळा या दोन दिवसांत. आणि अशा माणसाशी मी एकदा खोटं बोलले. ते त्यांच्या तोंडावर कबूल करायला मला अकरा वर्षं लागली. आज लिहायला बसले आहे ती त्याचसाठी. नाहीतर सरांच्या गमती सांगणारे नांदेडात शंभर जण भेटतील.

मेळाव्यात आलेल्याचं नाव सर आधी विचारतच नसत. "हात दाखव," म्हणायचे. डावा हात. मग बोटांची टोकं एकेक करून दाबून बघायचे, बाजारात भेंडी बघावी तशी. तारा दाबून दाबून बोटांना घट्टे पडलेले असले की म्हणायचे, "हाय." बोटं मऊ लागली की मान हलवायचे, "न्हाई. वर्षभर काय करून राहिलास रे बाबा?" आणि त्याची खुर्ची मागे जायची. यात शिक्षकांनाही सूट नव्हती. हिमायतनगरच्या एका विज्ञानाच्या मॅडम तर आपल्याच विद्यार्थ्यांदेखत मागच्या रांगेत जाऊन बसल्या होत्या, बिचाऱ्या. मी आठवीत पहिल्यांदा हात पुढे केला तेव्हा सरांनी माझी बोटं दाबली, परत दाबली आणि म्हणाले, "हाय. लई हाय. शबाना नं तू? पुढं बस." त्या दिवशी मी घरापर्यंत चालत नाही, उडत गेले.

वाजवता वाजवता हरवणं हे आमचं नेहमीचंच. एवढी माणसं, चार वेगवेगळे आवाज, कुणाचं तरी बोट चुकायचं आणि तो बावरून इकडेतिकडे बघत राहायचा. हैदराबादहून येणाऱ्या स्वरलिपीच्या कागदांवर रचनेच्या भागांना इंग्रजी अक्षरं घातलेली असत. सर ते सगळं सारेगममध्ये, आपल्या गोल अक्षरात उतरवून काढायचे आणि त्या अक्षरांच्या जागी एसटीचे थांबे लिहायचे. नांदेडहून निघालं की लोहा, मग माळाकोळी, अहमदपूर, शिरूर, चाकूर आणि शेवटी लातूर. हरवलेल्यानं उगाच गज हलवत ढोंग करायचं नाही, गज मांडीवर ठेवून गप बसायचं, हा नियम. सर वाजवतानाच टेबलावरून ओरडायचे, "अहमदपूर आलं! चढा, चढा!" की हरवलेले दहाजण अहमदपुराला चढायचे. पाहुण्यांना वाटायचं हे गाण्यातलंच आहे.

एकदा आमचे हेडमास्तरच हौसेनं व्हायोलिन घेऊन बसले. रचनेत चाकूरच्या आधी सगळ्यांनी चार मात्रा थांबायचं होतं. सगळे थांबले, हेडमास्तर एकटे कर्रकर्र वाजवतच राहिले. सरांनी विचारलं तर म्हणतात कसे, "सगळा हॉल रिकामा बसलेला मला बघवत न्हाई हो." पोरांनी तोंडात रुमाल कोंबले. सर मात्र हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "हेडमास्तरसाहेब, थांबणं बी वाजवणंच हाय. तुम्ही थांबलात तर बाजूच्याचं ऐकू येतं." हे वाक्य मी पुढे कितीतरी ठिकाणी कितीतरी जणांना ऐकवलं आहे, आपलंच असल्यासारखं.

मेळाव्याला हैदराबादहून येणाऱ्या पाहुण्या मॅडमना सरांचं ते टेबल खटकायचं. तिसऱ्या वर्षी त्यांनी फारच आग्रह केला म्हणून सर खुर्चीवर बसले, व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, दोन ओळी वाजवल्या आणि उठून उभे राहिले. "बाई, माफ करा. खुर्चीवर बसलं की मला हजेरी घ्यायची आठवण येती." मॅडम इतक्या हसल्या की पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

माझे अब्बा शिंपी. शाळेचे गणवेश तेच शिवायचे. सर दुकानात येऊन गणवेशाच्या उरलेल्या कापडाच्या खोळी व्हायोलिनांना शिवून घ्यायचे, त्यामुळे आमची व्हायोलिनं खाकी आणि निळ्या कपड्यांत शाळेत जायची. अब्बांना माझ्या वाजवण्याचं कौतुक होतं, नाही असं नाही. पण दहावीला भरघोस मार्क पडले आणि त्यांनी टेप गळ्यातून काढून ठेवली. "बजाना बाद में भी होता बेटा. डॉक्टर बनने का टाइम एकीच रहता." मग काय, आमच्याकडच्या प्रत्येक हुशार पोरीचं होतं तेच माझं झालं. पत्र्याची पेटी, गादी, पुस्तकं आणि खोळीतलं व्हायोलिन घेऊन मी लातूरला आले, क्लासच्या गल्लीत, जिना चढून वरच्या खोलीत. व्हायोलिन पलंगाखाली गेलं. अकरावीच्या जानेवारीत मी सरांना फोन करून सांगितलं की परीक्षा आहे. ते खरं होतं. "बरं, पुढच्या साली," सर म्हणाले.

पुढच्या साली सर स्वतःच आले. मेळाव्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी. लातूरच्या पोरांना न्यायला ते एसटीनं यायचे आणि सगळ्यांना गोळा करून परत जायचे. मी खिडकीतून त्यांना गल्लीत वळताना बघितलं आणि खिडकीपासून मागे सरले. त्या रविवारीही पेपर होता, पण खरं सांगायचं तर पेपर बुडवता आला असता. मला भीती होती ती माझ्या बोटांची. दीड वर्षात ती लोण्यासारखी मऊ झाली होती. सर म्हणतील, "हात दाखव." मी काय दाखवणार होते? सगळ्यांसमोर त्यांनी "न्हाई" म्हटलेलं मला सोसलं नसतं, आणि न बोलता नुसतं माझ्याकडे बघितलं असतं तर त्याहून सोसलं नसतं.

माझ्याबरोबर खोलीत रेणापूरची सुनीता राहायची. तिला म्हटलं, "क्लासला गेली म्हणून सांग." "अगं, तुझे सर ना ते?" "सांग म्हणते ना!" तिनं दार हातभर उघडलं आणि सांगितलं. मी दाराआड भिंतीला चिकटून उभी. सर म्हणाले, "असं का? बरं, बरं." चप्पल वाजत जिना उतरली. मी सुटकेचा श्वास सोडला आणि खिडकीशी गेले, तर सर गेलेच नव्हते. खाली ओट्यावर मांडी घालून बसले होते. पिशवीतून डबा काढून त्यांनी भाकरी खाल्ली, पाणी प्याले, येणाऱ्याजाणाऱ्या पोरांची पाठीवरची दप्तरं बघत राहिले. दीड तास. सुनीता मला म्हणाली, "शबाना, लई वाईट करून राहिलीस तू." मी पुस्तक उघडून बसले होते, पण एक ओळ वाचली असेन तर शपथ. मग चारच्या सुमाराला ते उठले, धोतर नव्हे, पँटच, पण धोतर झटकावं तशी झटकली आणि गेले. नंतर उदगीरच्या एका मैत्रिणीनं सांगितलं की शनिवारच्या तालमीत सरांनी पुढच्या रांगेतली एक खुर्ची जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणाला दिली नव्हती.

मी डॉक्टर झाले नाही. औषधशास्त्र शिकले, आता लातुरातच एका दवाखान्याच्या औषध विभागात काम करते. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं सुनीता चिडवते आणि मी हसते. पण जानेवारीतल्या शनिवारी सकाळी थंडी पडली की काही सुचत नाही. चाळीस जण एकदम सूर लावताना जो गोंगाट होतो ना, तो मला कुठूनही ऐकू येतो. हॉलमधल्या सतरंजीचा वास येतो. गजाला लावायच्या राळेची पांढरी भुकटी आपल्याच फ्रॉकवर पडलेली दिसते. सर निवृत्त झाले, मग करोनात मेळावा बंद पडला तो पडलाच. मागच्या पावसाळ्यात सरही गेले. त्या दोन दिवसांसाठी मी माझ्या आयुष्यातले दोन महिने कुणालाही आनंदानं देऊन टाकीन, पण घेणार कोण?

एक बरं झालं. सर जाण्याआधी दिवाळीत मी देगलूरला त्यांच्या घरी जाऊन आले. खूप वाळले होते. अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते, काकू आत चहा ठेवत होत्या. मी इकडचं तिकडचं बोलले. अब्बांचं गुडघ्याचं दुखणं, लातूरचं पाणी, सगळं सांगून झालं. मग एकदाचं तोंड उघडलं.

"सर, मी बारावीला असताना तुम्ही लातूरला आला होता ना. मी खोलीतच होते."

"हाव," सर म्हणाले. "ठाऊक हाय की."

"ठाऊक हाय? कसं?"

"तुझ्या चपला दारातच होत्या."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. अकरा वर्षं मी हे ओझं वागवत होते आणि या माणसाला पहिल्या मिनिटापासून माहीत!

"मग मला हाक का न्हाई मारली सर?"

"हाक मारली असती तर आली असतीस. धाकानं." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "धाकानं आलेलं पोरगं वाजवत न्हाई शबाना, नुसतं बसून ऱ्हातं."

"पण मग दीड तास खाली बसलात कशाला?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. वर्गात अगदी सोपा प्रश्न चुकल्यावर बघायचे तसं.

"वाटलं, येशील."

काकू चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा मी पदरात तोंड लपवून रडत होते आणि सर त्यांना सांगत होते, काही न्हाई, काही न्हाई, साखर आण जरा. लातूरच्या त्या जिन्याला जेमतेम सोळा पायऱ्या होत्या.