शिऱ्याची टेकडी

एखादी गोष्ट कापून पाहणं आणि अख्खी पाहणं, यातला फरक खरोखर कळलेला एकच माणूस मला आयुष्यात भेटला. आमचे वरच्या मजल्यावरचे भाऊजी. नोकरी सगळी घाटातल्या दरडी तपासण्यात गेलेली, त्यामुळे जिकडेतिकडे त्यांना उतारच दिसायचे. अंबरनाथला आमच्या बिल्डिंगपुढे वाळूचा ट्रक रिकामा झाला, की भाऊजी ढिगाशी उकिडवे बसून उकरत बसायचे. वाण्याच्या तांदळाच्या राशीलासुद्धा हात लावून बजावायचे, "इथून काढू नकोस हं, सरकेल." वाणी म्हणायचा, "काका, घ्यायचे किती ते बोला ना!"

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बिल्डिंगमागे टेकडी आणि टेकडीखाली माझं स्वयंपाकघर. एका पावसाळ्यात थोडी माती घसरली, तर सोसायटीने आणलेल्या इंजिनियरने कागदावर टेकडीचा एक उभा काप काढला, हिशेब मांडला आणि सांगून टाकलं, पडणार, मागची घरं रिकामी करा. आनंदनगरच्या कारखान्यात राबून आमच्या ह्यांनी घेतलेलं घर ते! मी तर रडायलाच लागले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, रडताय काय? शिरा करा."

मीटिंगमध्ये त्यांनी ताटात शिऱ्याची टेकडी रचली. "इंजिनियरचा हिशेब चूक नाही, पण तो मधल्या एका कापाचा. जणू टेकडीला बाजूच नाहीत! मी अख्ख्या टेकडीचा केलाय. अरुंद आहे ती, दोन्हीकडचे खांदे मधल्या मातीला धरून आहेत. उभी राहील." माझा जीव भांड्यात पडतोय तोच सेक्रेटरी खुशीत म्हणाले, "म्हणजे ताकद जास्तीची आहे! मग एक खांदा छाटून स्कूटर पार्किंग करू या की." भाऊजींनी चमच्याने शिऱ्याचे दोन्ही खांदे उडवले आणि ताट हलवलं. टेकडी थेट सेक्रेटरींच्या पांढऱ्या पँटवर. "अहो, जास्तीची ताकद त्या खांद्यांतच होती! आणि ती पावसासाठी ठेवायची, स्कूटरसाठी नाही."

पुढे दर पावसाळ्यात ते छत्री घेऊन टेकडीवर चढायचे, पाणी जायचा चर मोकळा करायचे आणि तिथूनच ओरडायचे, "वहिनी, फोडणी टाका निर्धास्त!"

भाऊजींना जाऊन बरीच वर्षं झाली. खांद्यांवर घाणेरीची झुडपं माजलीयत, गाड्या अजून रस्त्यावर उन्हात तापतात, नवे लोक कुरकुरतात. चर मी माणूस लावून साफ करून घेते. टेकडी आहे तशी उभी आहे. पण पाऊस धरला, की फोडणी टाकताना माझा हात अजून जरासा थांबतो, वरून हाक येईल म्हणून.