नवरदेवाची लिफ्ट

नवरदेव रागावला की बोलायचा नाही, भांडायचा नाही, शिवी तर नाहीच नाही. ज्याच्यावर राग असेल त्याला तो फक्त बॉल द्यायचा नाही. व्हॉलीबॉलमध्ये लिफ्टरने बॉल न देणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. लिफ्टर म्हणजे नेटजवळ उभा राहून दुसऱ्याला मारण्यासाठी बॉल वर उचलून देणारा. नाव मारणाऱ्याचं होतं, टाळ्याही त्यालाच मिळतात, पण बॉल कुणाकडे जाणार हे लिफ्टर ठरवतो. आमच्या टीमचा मुख्य मारणारा मी होतो, कॅप्टनही मीच होतो, आणि नवरदेव बहुतेक वेळा माझ्यावरच रागावलेला असायचा.

त्याचं खरं नाव तेजस. सोनईकडचा पोरगा. बारावी झाल्यावर पुढे काय करायचं ते ठरेपर्यंत म्हणून राहात्याजवळच्या आमच्या गावात मामाकडे राहायला आला होता. मामा म्हणजे पेरूच्या बागेचे रंगनाथमामा. पहिल्या संध्याकाळी तो ग्राउंडवर आला तो केसांना जेल चोपडून, पायात पांढरेशुभ्र बूट आणि गळ्यात हेडफोन अडकवून. कुणीतरी सहज म्हणालं, "जरा बाजूला सर रे." तेवढ्यावरून हा फुगला आणि मामांच्या मोटरसायकलवर पाठ फिरवून जाऊन बसला. आमचे भाऊसाहेब म्हणाले, "मांडवाच्या दारात अडून बसल्यावानी दिसतंय. आता ह्याला अंगठी घालावी लागंल का काय?" त्या दिवसापासून तो सगळ्या गावाचा नवरदेव झाला. त्या नावावर मात्र तो कधीच रुसला नाही. उलट ऐकून जरा ताठ व्हायचा.

भाऊसाहेब आमचे जुने लिफ्टर. आमच्या भागात साहेब नावातच असतो. त्यासाठी ऑफिस लागत नाही. हे भाऊसाहेब डेअरीवर दूध मोजून घ्यायचे आणि संध्याकाळी आम्हाला लिफ्ट द्यायचे. त्यांची लिफ्ट एसटीसारखी होती. जरा उशिरा यायची, पण ठरलेल्या स्टॉपवरच यायची. समोरच्या टीमलाही तो स्टॉप पाठ झाला होता, त्यामुळे ते तिथे हात वर करून आधीच उभे असायचे. या लिफ्टच्या जोरावर आम्ही दर वर्षी यात्रेतल्या स्पर्धेच्या सेमीफायनलपर्यंत जायचो आणि हरून यायचो. हरण्याची सवय इतकी झाली होती की फायनलच्या दिवशी मी निर्धास्तपणे सासुरवाडीचं आमंत्रण घ्यायचो.

नवरदेवाला टीममध्ये घ्यायचं की नाही, याची बैठक माझ्या कृषी सेवा केंद्रात झाली. सगळे खताच्या गोण्यांवर बसले आणि मी गल्ल्यामागच्या खुर्चीवर. मी भाषण केलं. खेळाडू नुसता हुशार असून चालत नाही, त्याला शिस्त हवी, मोठ्यांचा मान हवा, एका नासक्या पेरूने अख्खी पाटी जाते, वगैरे. रंगनाथमामा समोरच बसले होते, त्यामुळे पेरूचा दाखला त्यांना फारसा आवडला नाही. माझ्या विरोधाचं खरं कारण एवढंच होतं की त्या पोराने सगळ्यांसमोर मला "काका" म्हटलं होतं. मी सदतिसाव्या वर्षात होतो आणि तिशीतला दिसतो अशी माझी समजूत होती.

पोरं त्याच्या बाजूने होती, पण उघड बोलत नव्हती, कारण प्रश्न भाऊसाहेबांच्या जागेचा होता. शेवटी तेच बोलले. "घ्या की. पोरगं कच्चं हाय, पन हात बघा त्याचा. माझ्या हातात बॉल येऊन थांबतो. त्याच्या हातात बॉल इचारतो, कुठं जाऊ म्हनून."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी बसंन बाहेर. पानी द्यायला कुनीतरी लागतंच."

अशा वेळी कॅप्टनने काहीतरी मोठं बोलायचं असतं. मी म्हणालो, "उद्या मी स्वतः त्याची परीक्षा घेतो."

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. कुणाची, ते सांगत नाही. नवरदेव नेटजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "काका, तुमी नुसतं उडा. बाकीचं माझ्याकडं." मी तुच्छतेने उडालो. बॉल कुठून आला ते कळलं नाही, पण हात खाली आला तेव्हा तो बरोबर हाताखाली होता. समोरच्या दोघांच्या मधून तो जमिनीवर असा आदळला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. दुसरा बॉल तसाच. तिसराही. चौथ्याला तर मला वाटायला लागलं की आपल्यासारखा मारणारा नगर जिल्ह्यात नाही, इतकी वर्षं फक्त कुणाच्या लक्षात आलं नाही. मी घाम पुसत बाहेर आलो आणि जाहीर केलं, "पोरगा घ्यायला हरकत नाही. शिस्तीचं आपण बघू." माझी तत्त्वं चार स्मॅश टिकली.

शिस्तीचं मी खरोखर बघायला गेलो. ग्राउंडवर वेळेवर यायचं, मोबाईल आणायचा नाही, पंचांशी वाद घालायचा नाही, असे नियम मी केले. नवरदेव अर्धा तास उशिरा यायचा आणि आल्यावर सांगायचा, "आज मूड न्हाई, काका." मूड यावा म्हणून कुणीतरी जाऊन वडापाव आणायचा. चांगला पॉइंट निघाला की त्याला तो परत खेळून दाखवायचा असायचा, रीलसाठी. एकदा समोरच्या टीमलाही त्याने "जरा तसंच पडा ना परत" अशी विनंती केली होती, आणि आश्चर्य म्हणजे ते पडले.

राहात्याला एका मैत्रीच्या सामन्याआधी मी त्याचा मोबाईल काढून घेतला आणि माझ्या बॅगेत टाकला. तो काही बोलला नाही. सामना सुरू झाला. मी उडालो, बॉल मागे गेला. मी पुन्हा उडालो, बॉल दुसऱ्या टोकाला गेला. अख्खा सामना मी उडत होतो. माईकवरचा समालोचक हौशी होता. तो म्हणाला, "आणि हे कॅप्टनसाहेब पुन्हा एकदा हवेत! बॉल मात्र दुसरीकडं! कॅप्टनसाहेबांनी तब्येतीचं मनावर घेतलेलं दिसतंय!" लोक हसून बेजार झाले. आम्ही सामना जिंकलो, म्हणजे तक्रार करायलाही जागा राहिली नाही.

घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोने कारण विचारलं. मी सगळं सांगितलं आणि वर म्हणालो, "इतका पोरकटपणा मी आयुष्यात बघितला नाही."

ती म्हणाली, "तो एकोणीस वर्षांचा आहे, रुसला. तुमचं काय?" आणि ताट उचलून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी मी मामांच्या बागेत गेलो. नवरदेव पेरू उतरवत होता. मला बघून त्याने एक चांगला पिकलेला निवडला, पँटला पुसला आणि पुढे केला. "खा काका. काल लई भारी उडत हुता तुमी."

"वाया गेलं सगळं," मी म्हणालो.

"वाया कसं? त्यांचे दोघं उंच गडी सारखे तुमच्याकडंच बघत हुते. तुमी उडला की तेबी उडायचे. म्हनून तर दुसरीकडं पॉइंट निघाले."

हे त्याने खरोखर ठरवून केलं होतं, की पेरू पुसता पुसता सुचलं, ते मला आजवर कळलेलं नाही. मी मात्र ते लगेच खरं मानलं आणि आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फसव्या उडीचं महत्त्व समजावून सांगितलं. एक जण कीटकनाशक न घेताच निघून गेला.

त्याच्या खेळात एक गोष्ट मात्र मी नीट बघितली. टीममध्ये कुणाचा बॉल चुकला की आम्ही सगळे त्याच्यावर ओरडायचो. नवरदेव ओरडायचा नाही. पुढचा बॉल तो त्यालाच द्यायचा. मी एकदा वैतागून विचारलं तर म्हणाला, "लगीच न्हाई दिला तर तो घाबरून बसंल ना काका. मग दिवसभर मीच एकटा खेळू का?" स्वतःच्या बुटांवर चिखल उडाला तर रुसणारा पोरगा दुसऱ्याच्या चुकीवर कधी रुसला नाही.

यात्रेतली सेमीफायनल आली. समोर शेजारच्या गावची तीच टीम, जिच्याकडून आम्ही दर वर्षी हरायचो. एक सेट त्यांनी घेतला, एक आम्ही. तिसऱ्यात बरोबरी चाललेली असताना पंचांनी नवरदेवाच्या लिफ्टला डबल टच दिला, म्हणजे बॉल हाताला दोनदा लागला. नवरदेवाने पंचांकडे बघितलं, मग आमच्याकडे. आमच्यापैकी कुणी काही बोललं नाही, कारण तो डबल टच होताच. झालं. तो ग्राउंडबाहेर गेला आणि लिंबाखाली प्रेक्षकांकडे पाठ करून बसला.

भाऊसाहेब पाण्याची बाटली खाली ठेवून आत आले. मी पंचांकडून जरा वेळ मागितला आणि नवरदेवाची समजूत काढायला गेलो. "हे बघ तेजस," मी सुरुवात केली, आणि त्याला गावाची इज्जत, टीमची भावना, माझी प्रतिष्ठा असं सगळं सांगितलं. त्याने हेडफोन कानाला लावले. मी परत आलो.

भाऊसाहेब जीव तोडून खेळले. त्यांची लिफ्ट ठरल्या जागीच येत होती आणि समोरचे हात वर करून उभे होते, तरी आम्ही फार मागे पडलो नाही. मग एक बॉल फार लांब गेला. भाऊसाहेब त्याच्यामागे पळाले आणि खडीवर कोपरावर पडले. बॉल त्यांनी उचलून दिला होता, पॉइंटही मिळाला, पण कोपर सोलून निघालं. आम्ही पोचायच्या आत लिंबाखालून नवरदेव आला. त्याने बाटलीतलं पाणी कोपरावर ओतलं, रक्त धुतलं, स्वतःचा रुमाल बांधला. रुमालाला अत्तर होतं, भाऊसाहेब कळवळले. "बसा तुमी," तो म्हणाला, पंचांकडे गेला, कान धरले आणि आत आला.

त्यानंतर तो जे खेळला, ते सांगताना मी नेहमी थोडं वाढवून सांगतो, म्हणून इथे सांगत नाही. आम्ही पुन्हा बरोबरीला आलो. मग ते एका पॉइंटने पुढे गेले आणि त्यांना जिंकायला आता एकच पॉइंट हवा होता. नवरदेवाने बॉल मला दिला. मी नेटमध्ये मारला. पण पंचांनी त्याआधीच शिट्टी वाजवली होती, कारण मैदानात कुणाचं तरी कुत्रं शिरलं होतं. पॉइंट पुन्हा खेळायचा ठरला. मी डोळ्यांनीच खूण केली, या वेळी दुसऱ्याला दे. नवरदेवाने बॉल पुन्हा मलाच दिला. इतका सुंदर बॉल मला आयुष्यात मिळाला नव्हता. माझ्यासमोर, माझ्या उंचीला, जणू थांबून राहिलेला. मी तो पुन्हा नेटमध्ये मारला. या वेळी कुत्रंही मदतीला आलं नाही.

आम्ही हरलो. पोरं माझ्याकडे बघत होती. भाऊसाहेब रुमाल बांधलेलं कोपर धरून बाहेर उभे होते. आता हा पोरगा जो रुसेल तो थेट सोनईला जाऊनच थांबेल, असं मला वाटलं. नवरदेव माझ्याजवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सॉरी काका. बॉल माझाच नेटच्या जवळ पडला."

बॉल जवळ पडला नव्हता. हे आम्हा दोघांना माहीत होतं आणि तिसऱ्या कुणाला कधी कळलं नाही. आज तुम्हाला कळलं.

तो सामना बघायला पुण्याकडच्या एका कंपनीच्या टीमचे मॅनेजर आले होते. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "पोराचा खेळ आवडला. पण तो मध्येच उठून गेला, ते खटकलं. तुम्ही कॅप्टन आहात, तुम्हीच सांगा. घ्यावा का?"

नवरदेवाला आमच्याकडेच ठेवायचं असतं, तर मला खोटंही बोलावं लागलं नसतं. नुसतं खरं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. वडापाव, मूड, रील, लिंबाचं झाड. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे बायको ऐकत होती. मी घसा साफ केला. "रुसतो," मी म्हणालो. "पण परत येतो. आणि हरल्यावर दुसऱ्याचं नाव घेत नाही. घ्या तुम्ही." फोन ठेवल्यावर मला स्वतःचा फार अभिमान वाटला आणि लगेच फार वाईट वाटलं.

राहात्याच्या स्टँडवर त्याला सोडायला मामा, भाऊसाहेब आणि मी गेलो. मामांनी बॅगेत इतके पेरू भरले होते की त्याला पांढऱ्या बुटांची काळजी पडली आणि तो जाता जाताही फुगला. मग भाऊसाहेबांच्या पाया पडला, पडताना त्यांचं कोपर उलटसुलट करून बघितलं. आता माझी पाळी म्हणून मी पोट आत घेतलं आणि आशीर्वादाचा हात वर केला. त्याने त्या हातावर खणखणीत टाळी दिली आणि पळत जाऊन बसमध्ये चढला. खिडकीत दिसला तेव्हा चेहरा दुसरीकडे वळवून बसला होता. रुसला असेल, असं मामा म्हणाले. मी त्याला डोळे पुसताना बघितलं होतं, पण मामांना काही सांगितलं नाही.

बस गेल्यावर मामा बाजारात गेले. भाऊसाहेब आणि मी टपरीवर चहा घेतला. भाऊसाहेब बशीकडे बघत म्हणाले, "कॅप्टन, आता उद्यापासनं परत माझीच लिफ्ट. लई दिवस चांगलं खाल्लंय तुमी. चालंल का?"

इतकी वर्षं एकत्र खेळलो, पण हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता.

"भाऊसाहेब," मी म्हणालो, "तुम्ही द्या तर खरं. मारायचं मला कुठं जमतंय?"

भाऊसाहेब हसले, आणि चहाचे पैसे द्यायला माझ्याआधी उठले.