न्हाणीचा उलटा उतार

घरातच संडास आणि न्हाणी बांधायची, हे आईला सांगायला मला दोन महिने लागले.

मी तेव्हा मसुऱ्याच्या पुढच्या एका गावात हायस्कूलला मास्तर होतो. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि सिमेंट परमिटवर मिळायचं. घर आमचं चिऱ्याचं, कौलारू. संडास मागे, काजूंच्या कडेला, घरापासून साठ-सत्तर पावलांवर. आईने जन्मभर भातशेती केली. चिखलात वाकून लावणी करून करून तिचे गुडघे गेले होते. पावसाळ्यात ती मागे निघाली की बायको तिच्या डोक्यावर छत्री धरून चालायची. मग संडासाच्या दाराशी, पाठ फिरवून, पावसात उभी राहायची. दोघींनाही ते आवडत नव्हतं. बोलत कोणीच नव्हतं.

शेवटी एकदा जेवताना मी विषय काढला. आई भात कालवायची थांबली.

"देव घरात, नि संडास पण घरात?" ती म्हणाली. "लोक हसतले रे."

मी म्हटलं, हसू देत. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाली, "माज्या खोलयेक लागानच बांध. म्हणजे कोणाक त्रास नको."

कंत्राटदार नांदगावकडचा होता. आधी हायवेच्या कामावर मुकादम होता, मग स्वतःची कामं घ्यायला लागला. आमच्या हेडमास्तरांची पडवी त्यानेच बांधली होती, म्हणून मीही त्यालाच बोलावलं. चाळिशीचा, बुटका, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी आईपुढे उकिडवा बसून म्हणाला, "आये, काय काळजी करू नको. अशी न्हाणी बांधून देतंय काय तू सगळ्यांका दाखवीत रवशीत." विरोध करणाऱ्या आईने त्याला बसवून कुळथाची पिठी आणि भात वाढला. तो दोनदा भात मागून जेवला.

काम शिमग्यानंतर सुरू झालं. आईच्या खोलीची मागची भिंत फोडून दरवाजा काढला, बाहेर चिऱ्याच्या भिंती उभ्या राहिल्या. पहिले पंधरा दिवस तो रोज येत होता. मग त्याने फोंडाघाटला मोठं काम घेतलं आणि आमच्याकडे आठवड्यातून एकदा उगवू लागला. गवंडी त्याच्या मनाने काम करत होते, कधी येत होते, कधी नाही. मी परीक्षांच्या पेपरात अडकलेला. संध्याकाळी घरी आलो की फेरी मारायचो, भिंत उभी दिसली की समाधान मानायचो. मला बांधकामातलं काही कळत नव्हतं. ते कबूल करायची लाजही वाटत होती.

फरशी बसवली त्या दिवशी मी शाळेत होतो. आलो तर खाली पांढऱ्याशुभ्र, चकचकीत टाईल्स. आई चौकट धरून बघत उभी होती.

"ताटासारख्या दिसता," ती म्हणाली. "पाय कसो ठेवचो?"

या टाईल्स भिंतीला लावायच्या असतात हे मला नंतर कळलं. दुसऱ्या कुठल्या तरी कामावर उरल्या होत्या, त्या आमच्या जमिनीवर आल्या. पण ते एक वेळ चाललं असतं. खरी चूक उताराची होती. पहिल्या दिवशी आई आंघोळीला बसली आणि पाणी कोपऱ्यातल्या भोकाकडे जायच्या ऐवजी उंबऱ्याकडे आलं, उंबरा ओलांडून तिच्या खोलीत आलं, आणि खाटेच्या पायांपाशी थांबलं.

मी निरोपावर निरोप पाठवले. तो आला जूनच्या मध्याला, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. मी तांब्याभर पाणी न्हाणीच्या मधोमध ओतलं. आम्ही दोघे बघत उभे राहिलो. पाणी क्षणभर जागच्या जागी थरथरलं, मग सावकाश आमच्याकडे यायला लागलं. त्याने पाय मागे घेतला.

"वायच येता," तो म्हणाला.

"थोडं?"

"मास्तर, आता पावसात उकलूचा म्हणजे सगळा वल्या होतला. सिमेट धरूचा नाय. दिवाळी झाली काय मी सवता येवन उकलून देतंय. तवसर गोणपाट घाला."

मी बरं म्हटलं. त्याचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटलं. मी खरोखर बरं म्हटलं, आणि वर त्याला चहाही दिला.

बायको रोज सकाळी उंबऱ्यावर गोणपाट अंथरायची आणि संध्याकाळी चुलीवर वाळत घालायची. पावसात ते कधी पुरतं वाळत नसे.

श्रावणात एका सोमवारी तिसऱ्या तासाला शिपाई वर्गाच्या दारात आला. मी घरी पोचलो तेव्हा आई खोली आणि न्हाणी यांच्या मध्ये, उंबऱ्यावर आडवी होती. बायकोने तिच्या डोक्याखाली उशी दिली होती. लुगडं भिजलेलं. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. तो पाय बघितला आणि त्या क्षणापासून मला पुढे बरेच महिने कशाचंच काही वाटलं नाही. लोक विचारतात, तेव्हा काय वाटलं. मला ती उशी आठवते, तिचा अभ्रा निळा होता.

जीप करून आम्ही तिला कोल्हापूरला नेलं. फोंड्याच्या घाटात धुकं होतं, ड्रायव्हर सावकाश चालवत होता. आईचं डोकं माझ्या मांडीवर. प्रत्येक वळणाला ती दात आवळायची. अर्ध्या घाटात तिने डोळे उघडले.

"त्या मेस्तरीक काय बोला नको," ती म्हणाली. "माजोच पाय घसारलो."

मी हूं म्हटलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण ती परत उभी राहिली नाही. घरी आणली तेव्हा तिची खाट तिथेच होती, न्हाणीच्या दारासमोर. आम्ही खाट हलवू म्हटलं तर नको म्हणाली. सात आठवडे ती त्या दाराकडे तोंड करून पडून होती. सगळं खाटेवरच. न्हाणीत ती परत गेली नाही. नवरात्रात, एका दुपारी, बायको तिला पेज भरवत असताना गेली.

दिवसकार्य झालं. मी शाळेत जाऊ लागलो. तास घेतले, हजेरी घेतली. वर्गातली मुलं माझ्याकडे जरा जपून बघायची, तीही काही दिवसांनी नेहमीसारखी झाली. घरी येऊन मी पडवीत बसायचो. जेवायला बोलावलं की जेवायचो. बायको एकदा ताट वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "तुमका राग कसो येना नाय?"

मी तो शोधत होतो, सापडत नव्हता.

कंत्राटदार बाराव्यालाही आला नव्हता. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी त्याचा पत्ता नाही. एका रविवारी मी एसटीने नांदगावला गेलो. त्याची बायको म्हणाली, ते फोंड्याला कामावर आहेत. मी तिथून दुसरी गाडी पकडून फोंडाघाटला गेलो. बाजारातच काम चालू होतं. तो परांचीवर उभा होता. मला बघून लगेच खाली उतरला नाही. मी खाली उभा राहिलो. शेवटी उतरला, हात पुसत.

"वायट झाला, मास्तर," तो म्हणाला. "पण म्हातारी माणसा पडतत. कोरड्यात सुदीक पडतत."

मी म्हटलं, "दिवाळी झाली. फरशी उकलायची होती."

त्याला ते कळायला वेळ लागला. त्याला वाटलं असावं, मी भांडायला आलोय. तो म्हणाला, "आता ता कोणाक व्हया?"

मी परत एसटी स्टँडवर आलो. गाडीला दीड तास होता. तिथे बाकावर बसलो. आता कोणाला हवं आहे ते, हे ऐकून तरी माझ्यात काहीतरी व्हायला हवं होतं. झालं एवढंच की ती फरशी उकलून घ्यायची, आणि त्यानेच ती उकलायची, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. त्यात जिद्द वगैरे काही नव्हती. एखादं काम अर्धवट राहिलं की ते पुरं करायचं असतं, तसं.

मालवणला एका वकिलाकडे गेलो. त्याने सगळं लिहून घेतलं.

"आईंचं वय काय होतं?"

"बहात्तर."

"दाखल्यावर मृत्यूचं कारण काय लिहिलंय?"

"हृदय बंद पडणं."

"मग यात फरशी सिद्ध कशी करायची, सर?"

मी म्हटलं, आईबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला फक्त त्याच्याकडून उतार दुरुस्त करून हवा आहे. वकिलाने पेन खाली ठेवलं. "एवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढू नका," तो म्हणाला, "तोवर तुमची मुलं त्या न्हाणीत म्हातारी होतील." तरी त्याने नोटीस पाठवली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की घरमालकाने जूनमध्ये काम समक्ष पाहून संमती दिली होती. ते खोटं नव्हतं. मी ते उत्तर बायकोला वाचून दाखवलं. तिने ते माझ्या हातातून घेतलं, घडी केली आणि डब्याखाली ठेवून दिलं.

मध्यंतरी गावात बोलणं सुरू झालं होतं. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण बायकोने विहिरीवर सांगितलं, तिथून ते मसुऱ्याच्या बाजारात गेलं. फेब्रुवारीत हेडमास्तरांनी मला आणि कंत्राटदाराला त्यांच्या घरी बोलावलं. त्यानेच बांधलेल्या पडवीत आम्ही समोरासमोर बसलो.

तो आला तोच भडकलेला. "माज्यामुळे आये मेली असा सांगत फिरतास तुमी! मसुऱ्याचा काम गेला माजा. माणसा माका बगून बाजूक होतत!"

"मी फिरत नाही," मी म्हटलं.

"मग कोण फिरता?"

हेडमास्तर म्हणाले, "आवाज कमी कर. उतार चुकलो काय नाय, तेवडाच सांग."

त्याने खाली पाहिलं. मग म्हणाला, "चुकलो. मी हय नव्हतंय तेव्हा. गवंड्यान दोरी उलटी धरल्यान. माका जूनमधेच कळला होता." त्याने मान वर केली. आवाज एकदम उतरला होता. "मास्तर, एक सांगा. आये माज्याबद्दल काय बोलली? जाताना माजा नाव घेतल्यान काय?"

घाटातलं ते वाक्य माझ्याजवळ होतं. आईने ते त्याच्यासाठीच सांगितलं होतं. देऊन टाकायला हवं होतं. हेडमास्तर माझ्याकडे बघत होते.

"नाव नाही घेतलं," मी म्हटलं.

ते तसं खरंच होतं. तिने नाव घेतलं नव्हतं, मेस्तरी म्हणाली होती. त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं आणि तरीही पुढे बोललो नाही. वकिलाच्या कागदातही मी ते येऊ दिलं नव्हतं. बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. का, ते विचाराल तर आजही नीट सांगता येणार नाही. सूड म्हणावा इतकी धग माझ्यात नव्हती. तोंड उघडलं नाही, इतकंच.

"मे म्हयन्यात येतंय," तो म्हणाला आणि उठला.

तो आला. एकटाच, खांद्यावर पोतं, पोत्यात छिन्नी, हातोडा आणि लेवलची नळी. मला सुट्टी होती. मी आईच्या रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. चार दिवस तो उकिडवा बसून त्या पांढऱ्या टाईल्स फोडत होता. तुकडे उडायचे, त्याच्या हातापायांना लागायचे. पहिले दोन दिवस बायकोने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने चहाचा कप आणून माझ्या खुर्चीशेजारी ठेवला आणि आत गेली. मी तो उचलून त्याला दिला.

खाली त्याने खडबडीत शहाबादी फरशी बसवली. दोन टोकांना नळीतलं पाणी धरून पुन्हा पुन्हा बघत होता, मग मलाही बघायला लावत होता. आठवड्याने, सिमेंट धरल्यावर, परत आला. या वेळी तांब्या त्याने स्वतः भरला आणि माझ्या हातात दिला. मी मधोमध पाणी ओतलं. ते वळलं आणि सरळ कोपऱ्यातल्या भोकात गेलं. शेवटपर्यंत आवाज आला.

"झाला?" त्याने विचारलं.

"झाला."

त्याने तिथेच हातपाय धुतले, पोतं उचललं आणि मागच्या दाराने गेला. बायको आत येऊन बराच वेळ त्या फरशीकडे बघत उभी राहिली. "आता बरा वाटता तुमका?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर पुढे सांगावं लागलं असतं. ती रडायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिचं रडणं थांबायची वाट बघत उभा राहिलो.

त्या पावसाळ्यात आम्ही सगळेच ती न्हाणी वापरू लागलो. आईची खोली पुढे आमच्या मुलांच्या अभ्यासाला झाली.

तीन-चार वर्षांनी आंगणेवाडीच्या जत्रेत दर्शनाच्या रांगेत तो माझ्यापुढे चार माणसांवर होता. केस पिकले होते. त्याने मागे वळून पाहिलं, आणि मधल्या माणसांना वाट देत हळूहळू माझ्यापर्यंत आला.

"वैनी बऱ्या आसत?" त्याने विचारलं.

"बऱ्या आहेत."

"नि पाणी?"

"जाता बरोबर."

त्याने मान हलवली. मग रांग पुढे सरकली आणि आम्ही दोघे पुढेमागे चालू लागलो.