कूलरनं रंगवलेलं आभाळ

पन्नाशी ओलांडल्यावर मी जलरंगांच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त उन्हाळ्याच्या शेवटी होणारं प्रदर्शन होतं. भिंतीवर आपलं चित्र, खाली आपलं नाव आणि समोर हात मागे बांधून उभा असलेला माझा साडू. मधल्या काळात चित्रं काढावी लागतील, हा तपशील माझ्या लक्षातच आला नव्हता.

वर्गाच्या मॅडम माझ्या मुलीपेक्षाही लहान. प्रदर्शनासाठी त्यांनी प्रत्येकाला एकेक विषय दिला. कुणाला गांधीबागेच्या बाजारातले कापडाचे गठ्ठे, कुणाला कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या. मला म्हणाल्या, "काका, तुम्ही नुसतं आभाळ करा. वर गडद, खाली येता येता फिकं. मधे रेघ नको." मला अपमानच वाटला. आभाळ म्हणजे चित्रातली रिकामी जागा! चहाच्या आधी उरकतो, असं मनाशी म्हणत घरी आलो.

मे महिना होता. नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या गच्चीवर बोर्ड तिरका मांडला, कागद भिजवला आणि निळ्यात बुडवलेला मोठा ब्रश डावीकडून उजवीकडे नेला. रुबाबात परत डावीकडे आलो, तर पहिली ओळ वाळून पापड झालेली. तिच्याखाली दुसरी ओढली की मधे कडक रेघ. मी हात जितका भरभर चालवावा तितक्या रेघा वाढत. मॅडमनी वर्गात ते सगळे कागद ओळीनं लावून पाहिले आणि अतिशय आदरानं म्हणाल्या, "काका, हे आभाळ नाही, जिना आहे."

मग मी बोर्ड घेऊन खाली कूलरच्या खोलीत आलो. तिथं उलटीच तऱ्हा. हवा इतकी दमट की कागद वाळेचना. सगळा निळा रंग ओघळून खालच्या काठाशी डबकं करून बसे. शेवटी मी कूलर बंद केला. लगेच बायको दारात.

"तुमच्या आभाळापायी मी काहून उकडून निघू?" ती म्हणाली आणि कूलर लावून गेली.

त्याच सकाळी तिनं कूलरच्या जाळ्यांत पाणी झिरपवणाऱ्या गवताचा नवा वाळा बसवून घेतला होता. मी वैतागून ओला कागद कूलरसमोर पलंगावर टाकला आणि शेजारी झोपलो. नवा वाळा सुरुवातीला तपकिरी पाणी सोडतो आणि पंखा त्याचे थेंब उडवतो, हे नागपुरात कुणालाही सांगावं लागत नाही. मी मात्र रागात विसरलो. जाग आली तेव्हा पांढऱ्या चादरीवर डाग होते, आणि माझ्या कागदावर निळ्यात मातकट रंग मऊ पसरून मे महिन्यातलं धुळकट आभाळ उतरलं होतं. रेघेचा पत्ता नाही! चादर घासताना बायकोनं माझा उद्धार केला. मी मान खाली घालून ऐकलं आणि आतून नाचलो.

वर्गात मॅडमनी तो कागद उचलून उजेडात धरला. ही धूळ कशी आणली, त्यांनी विचारलं. मी खिडकीबाहेर नजर लावून म्हणालो, "तपश्चर्या."

तिथंच फसलो. त्यांना जोडीला तसंच दुसरं हवं होतं. मी रोज ओला कागद कूलरसमोर ठेवू लागलो, पण वाळा आता धुऊन स्वच्छ झाला होता. कूलरची प्रतिभा आटली होती. तो नुसतीच थंड हवा देत होता. हातानं तपकिरी शिंपडून पाहिलं, तर आभाळाला गोवर आल्यासारखं दिसलं.

अखेर ते एकच चित्र भिंतीवर लागलं. साडू आला, हात मागे बांधून उभाही राहिला. मग बायकोनं चष्मा लावला आणि नाक कागदाला टेकेल इतकी जवळ गेली.

"हे तर माझ्या चादरीवरचेच डाग आहेत."

मॅडम मागेच होत्या. बायकोनं त्यांना नवा वाळा, पलंग, माझी दुपारची झोप, सगळं क्रमवार सांगितलं. मी साडूला समोशांकडे न्यायला बघत होतो, तो हलेना.

मॅडमनी चित्र तसंच ठेवलं. खालची माझ्या नावाची पट्टी तेवढी अलगद काढून पर्समध्ये टाकली.

"प्रदर्शन आठवडाभर आहे, काका. कूलर बंद ठेवून स्वतःच्या हातचं एक आभाळ आणा, पट्टी परत लावू."

"कूलर बंद ठेवून?" बायको म्हणाली. "मग राहू द्या मॅडम. नाव नसलं तरी चालते."