सेनापती आणि ओल्या वाळूची बादली

माझ्या आत्याने बावीस वर्षं अंडी उबवली. कोंबडीसारखी बसून नव्हे, हॅचरीत, कपाटाएवढ्या यंत्रांच्या दाराशी उभी राहून. ट्रे ओढायचा, अंडी फिरवायची, बल्बसमोर एकेक धरून आत लाल जाळं धरलंय का बघायचं. भिंतीवर थर्मामीटर होता, पण आत्या अंडं उचलून मिटलेल्या पापणीला लावायची आणि म्हणायची, “अर्धा अंश कमी आहे.” साहेब मग थर्मामीटरकडे बघायचा, आणि थर्मामीटरलाच लाज वाटल्यासारखं व्हायचं.

पुढे यंत्रं आपली आपण अंडी फिरवायला लागली आणि आत्या जनावरांच्या दवाखान्यात झाडलोटीला लागली.

दवाखान्याचा डॉक्टर वाईट नव्हता. गाईम्हशी आणि कुत्री यांत त्याचा हात चांगला होता. पण पैसा आला की माणसं आधी मोठी गाडी घेतात, मग मोठं कुत्रं घेतात, आणि शेजाऱ्याने तसंच कुत्रं आणलं की मग सरडे घेतात. पहिला इग्वाना दवाखान्यात आला त्या दिवशी डॉक्टर खुर्चीवर चढला. आत्याने झाडू भिंतीला टेकवला, इग्वानाच्या पोटाखाली हात घातला, त्याचे पंजे आपल्या मनगटावर ठेवून घेतले आणि म्हणाली, “गार पडलंय हो बिचारं. ऊब द्या.” डॉक्टरने खुर्चीवरूनच कागदावर लिहिलं, ‘ऊब द्यावी’. त्या महिन्यात दवाखान्याच्या पाटीवर ‘विदेशी प्राणी तज्ज्ञ’ अशी नवी ओळ चढली. नाव डॉक्टरचं, हात आत्याचे.

मागची खोली तिची झाली. तीन भिंतींना काचेच्या पेट्या. एकीत अजगर वेटोळं करून दोरखंडासारखा पडलेला, दुसरीत साळूसारखी काटेरी हेजहॉगची जोडी, तिसरीत हॅमस्टर आपल्या चाकावर कुठेही न पोचणारी वाट तुडवत असलेला. दिव्यांचा पिवळा उजेड, गवताचा वास, आणि मधूनच गिनीपिगची शिट्टी. आत्या सकाळी आली की प्रत्येक पेटीच्या काचेवर हाताची मागची बाजू टेकवत जायची. मला ती चाल फार आवडायची. शेतकरी पिकातून जातो तशी ती त्या खोलीतून जायची, घाई नाही, पण नजरेतून काही सुटत नाही.

जनावरं सोपी होती. अवघड होते ते त्यांचे मालक. एकीने हॅमस्टरला शाम्पूने न्हाऊ घातलं आणि तो थरथरतोय म्हणून पंख्याखाली ठेवला. एकाने कासवाला वर्षभर बिस्किटं चारली आणि पाठ मऊ का झाली म्हणून दुकानदाराशी भांडण काढलं. अजगराची मालकीण तर फारच सोज्ज्वळ होती.

“आत्या, आमच्या घरात सगळे शाकाहारी. हळूहळू यालाही सवय लागेल ना?”

“लागेल की. आठ महिन्यांत लागेल,” आत्या म्हणाली. “नवव्या महिन्यात अजगर नसेल, एवढंच.”

तर अशा त्या खोलीत एका गुरुवारी सेनापती आला.

सेनापती म्हणजे विदेशी प्राणीप्रेमी मंडळाच्या अध्यक्षांचा कॅमेलियन, रंग बदलणारा सरडा. डोक्यावर शिरस्त्राणासारखा तुरा, दोन डोळे दोन दिशांना, आणि चालणं असं की एक पाऊल टाकायला दोनदा विचार. रविवारी मंडळाची स्पर्धा होती. अध्यक्षांनी त्याला नखं तपासायला आणलं होतं आणि सोबत फोटोग्राफरही आणला होता.

“रंग बघा, रंग!” अध्यक्ष म्हणाले. “आठवड्यापूर्वी नुसता हिरवा होता. आता बघा, काळपट अंगावर निळे ठिपके, पिवळे ठिपके! स्पर्धा जवळ आली हे त्याला कळलंय. जेवण सोडलंय. दिवसभर पेटीच्या तळाशी गस्त घालतो, नखांनी जमीन उकरतो. लढवय्या आहे.”

आत्याने लढवय्याला हातावर घेतलं. पोट दोन्ही अंगांनी फुगलेलं. तिने बोटाच्या टोकाने हलकेच चाचपलं, खाली गोल गोल दाणे लागले. मागच्या पायाची टाच बघितली. या जातीच्या नराच्या टाचेला जन्मापासून एक बारीक काटा असतो. इथे टाच गुळगुळीत होती.

अध्यक्ष फोटो काढून गेले, तेव्हा ती डॉक्टरला म्हणाली, “डॉक्टर, ही मादी आहे. पोटात अंडी आहेत. वाळू शोधतेय ती. जागा मिळाली नाही तर अंडी आतच अडकतील आणि ती मरेल.”

डॉक्टरचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने कपाटातून फाईल काढली. “हे बघा. दोन वर्षांपूर्वीचा दाखला. ‘नर’ लिहिलंय. माझी सही आहे, शिक्का आहे.”

“शिक्का कागदावर आहे हो. अंडी पोटात आहेत.”

“रविवार तेवढा जाऊ द्या आत्या! अध्यक्षांचा प्राणी आहे. त्यांनी त्याला मिशा रंगवून पोस्टर छापलंय.”

“रविवार थांबेल. अंडी थांबणार नाहीत.”

तिने डॉक्टरकडून एवढंच कबूल करून घेतलं की तपासणीच्या नावाखाली सेनापती रविवार सकाळपर्यंत दवाखान्यात राहील. मग एक उंच बादली घासून घेतली, वाळू चाळून धुतली आणि पाणी शिंपडत कालवली. मुठीत दाबली तर मुटका राहावा, पण थेंब गळू नये, इतकी ओल. हातभर खोल वाळू भरून, वर एक फांदी लावून, तिने सेनापतीला आत सोडलं. घटकाभरात सेनापती खाली उतरला आणि पुढच्या पायांनी उकरायला लागला.

या प्राण्याचं एक आहे. खड्डा खणताना कोणी बघतंय असं वाटलं की तो खड्डा सोडून देतो. आणि दवाखान्यात तर अध्यक्षांचा सेनापती आलाय ही बातमी पसरलेली. डॉक्टर दर तासाला कोणाला तरी घेऊन यायचा, “या, या, बघा, पण हात लावू नका.” सेनापती मान वळवायचा, एक डोळा पाहुण्यावर, एक डॉक्टरवर, आणि अर्धा खणलेला खड्डा टाकून फांदीवर चढून बसायचा. शुक्रवारी दोन खड्डे वाया गेले. शनिवारी तीन. शनिवारी संध्याकाळी आत्याने त्याला उचललं तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते आणि पकड ढिली झाली होती. बावीस वर्षांत अंड्याच्या आत मेलेली पिल्लं तिने ट्रे भरभरून पाहिली होती. बाहेर यायला वेळ झाला की काय होतं हे तिला कोणी सांगायला नको होतं.

रविवारी ती डॉक्टरच्या आधी आली. बादली उचलून सामानाच्या कोठीत नेली, भोवती चादर लावली, दाराला आतून कडी घातली आणि स्वतः बादलीकडे पाठ करून पोत्यावर बसली.

नऊ वाजता अध्यक्ष आले. कडक इस्त्री, छातीवर बिल्ला. बरोबर त्यांची पत्नी, बाईसाहेब.

“आत्या, दार उघडा,” डॉक्टर म्हणाला.

“नाही उघडत.”

“म्हणजे काय? अहो, गाडी उभी आहे!”

“उभी राहू दे. गाडीला काही होत नाही उभं राहून. आत बाळंतपण चाललंय.”

मग अध्यक्षांचा आवाज, “कोणाचं?”

“तुमच्या सेनापतीचं.”

अध्यक्ष आधी हसले, मग त्यांना हसण्यासारखं काही राहिलं नाही हे कळलं. “अशक्य! तो एकटाच असतो. आमच्या घरात दुसरा सरडा पाय ठेवू शकत नाही. चारी बाजूंनी कॅमेरे आहेत!”

“साहेब, कोंबडी कोंबड्यावाचूनही अंडं घालते. ही पण तशीच. घराण्याची अब्रू जागेवर आहे, काळजी करू नका.”

“डॉक्टर, दाखल्यावर नर लिहिलंय ना?”

“लिहिलंय,” डॉक्टर बारीक आवाजात म्हणाला. “त्या वेळी... त्या वेळी तसं वाटत होतं.”

अध्यक्षांनी दारावर थाप मारली. “मी मालक आहे! फक्त दोन तास स्टेजवर बसू दे, मग घालू दे काय घालायचं ते! आणि डॉक्टर, या बाईला उद्यापासून काढा.”

“काढतो,” डॉक्टर म्हणाला. “आत्या, ऐकलंत ना? उद्यापासून येऊ नका.”

आत्या आतून म्हणाली, “उद्याचं उद्या. आज मी इथे आहे. आणि तुम्ही हळू बोला.” तिचा आवाज स्थिर होता, पण हात मांडीवर घट्ट आवळलेले होते, हे तिनेच मला नंतर सांगितलं. हे काम गेलं असतं तर दुसरं कुठलं काम तिच्या हाताला येत होतं?

तेवढ्यात बाईसाहेब बोलल्या. “अहो, तुम्ही जरा तिकडे व्हा बघू.”

“अगं, पण स्पर्धा—”

“माझ्या दोन्ही वेळेला तुम्ही असेच दाराशी उभं राहून नर्सला घाई करत होता. तेव्हा मला उठता येत नव्हतं, म्हणून ऐकून घेतलं. आज मी उभी आहे. चला, गाडीत बसा.”

पावलं लांब गेली. डॉक्टरची शेवटी. मग दाराला पाठ लावून कोणीतरी बसल्याचा आवाज झाला. बाईसाहेबांनी फरशीवरच बसकण मारली होती. आत आत्या, बाहेर बाईसाहेब, दोघींच्या मध्ये एक फळीचं दार, आणि चादरीआड वाळू उकरल्याचा बारीक, सारखा, न थकणारा आवाज.

दुपार कलली तेव्हा सेनापतीने खड्डा बुजवून वरची वाळू पायांनी नीट दाबली. आत्याने त्याला हातावर घेतलं. चामड्याची रिकामी पिशवी व्हावी तसा तो झाला होता. तिने पालवीच्या डहाळीवर पाणी शिंपडलं, कारण हा प्राणी भांड्यातलं पाणी ओळखत नाही, पानावरचा थेंबच पितो. सेनापतीने एक थेंब घेतला, दुसरा घेतला, मग डोळे मिटून पीतच राहिला. वाळूतून आत्याने चौतीस अंडी काढली. सवयीने एक बल्बसमोर धरलं. आत काही नव्हतं, असायचंही नव्हतं.

इकडे स्पर्धेत काय झालं? अध्यक्षांना स्पर्धा रद्द करता येईना आणि आपलाच प्राणी आलेला नाही हे सांगता येईना. त्यांनी फुलांनी सजवलेली पेटी रिकामीच स्टेजवर ठेवली आणि माईकवर जाहीर केलं, “सेनापतीने आज पानांचा रंग असा काही हुबेहूब घेतला आहे की नजर तयार असलेल्यालाच तो दिसेल.” लोक रांग लावून गेले. पहिल्याने डोळे बारीक केले आणि म्हणाला, “दिसला! तो काय, फांदीमागे!” त्यानंतर न दिसलेला एकही माणूस निघाला नाही. परीक्षकांपैकी एकाने तर शेपटीच्या वेटोळ्याला वेगळे गुण दिले. पहिलं बक्षीस पेटीला मिळालं.

संध्याकाळी अध्यक्ष करंडक काखोटीला मारून दवाखान्यात आले. आत्याच्या हातावरच्या हिरव्या, सुकलेल्या जिवाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

“हे आता घरी नेलं तर लोक विचारतील,” ते म्हणाले. “पेटीत तो आहेच ना, सगळ्यांनी पाहिलाय. उद्यापासून पाहुणे येतील घरी बघायला.”

“मग हिचं काय?”

“राहू दे तुमच्याकडे. डॉक्टर, दाखल्याची भानगड नको. आणि या बाईंनाही राहू द्या. बाहेर जाऊन चार ठिकाणी बोलण्यापेक्षा इथे बऱ्या.”

डॉक्टरने मान डोलावली. खरं सांगायचं तर तोही सुटला होता. त्याच दुपारी हेजहॉगला हातात घ्यायला जाऊन त्याने पाचही बोटं टोचून घेतली होती.

अध्यक्षांच्या दिवाणखान्यात रिकाम्या पेटीचा दिवा अजून जळतो. खरी सेनापती मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या पेटीत आहे. आत्याने तिला दुसरं नाव दिलं नाही. म्हणते, पद मिळवलंय तिने. मंगळवारी बाईसाहेब येतात, पायातल्या चपला बाहेर काढून, चिमट्यात किडा धरून पेटीपुढे बसतात. जीभ सुटते, किडा नाहीसा होतो, आणि त्या दर वेळी दचकतात.

“किती दिवसांनी पुन्हा घालेल हो?” त्यांनी परवा विचारलं.

“चार महिन्यांनी,” आत्या म्हणाली. “वाळू मी आत्ताच चाळून ठेवलीय. तुम्ही त्या दिवशी दाराबाहेर बसायला या.”