आईच्या ओव्या आणि अनोळखी फाइल
सरकीचा वास आला की घाटंजीतल्या घरातली ती दुपार आठवते. कापसानं भरलेल्या खोलीतच आमचा कॉम्प्युटर होता आणि वारलेल्या आईच्या आवाजातल्या ओव्या फक्त त्यातच होत्या. मशीन एकदम मंद झालं, पाहतो तर एक अनोळखी फाइल सारखी चालू. “व्हायरस असन, काढून टाक,” बाबा घाबरून म्हणाले. मी काढणारच होतो, तेवढ्यात बहिणीनं हात धरला. “थांब न दादा. सिस्टमची असली तं मशीनच बंद पडन.” आम्ही तपासलं. फाइल सिस्टमच्याच फोल्डरात होती, कंपनीची डिजिटल सही खरी निघाली, अँटिव्हायरसलाही काही सापडलं नाही. बाबा कापसावरच बसले. “लाव मंग तिची एखादी ओवी,” एवढंच बोलले. आता ओव्या तिघांच्याही मोबाइलमध्ये आहेत, पण त्या दुपारइतक्या हलक्या मनानं मी त्या पुन्हा कधी ऐकल्या नाहीत.