ट्रिपिंग असिस्ट

"लाइट गेली तर" हे शब्द त्या घरात बोलायचे नसतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी गॅरेजमध्ये शिडीवर चढून छताची उंची मोजत होतो आणि सवयीने विचारून बसलो, "काका, ओपनर साधा लावायचा की बॅटरी बॅकअपवाला? म्हणजे लाइट गेली तर..."

खाली देशकरकाका उभे होते. वीज खात्यातून मोठे इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"रायपुरात लाइट जात नाही," ते म्हणाले.

"मागच्या आठवड्यात आमच्या तात्यापाऱ्यात दोन तास..."

"ते शटडाऊन असेल. मेंटेनन्सचं. नाही तं ट्रिपिंग, लोड वाढला का लाइन आपोआप बंद पडते ती. लाइट जाणं वेगळं असते, विनू."

मी टेप गुंडाळत खाली उतरलो. तात्यापाऱ्यात माझं शटर, गेट आणि त्यांच्या मोटरींचं दुकान आहे. पंचवीस वर्षं हाच धंदा करतो. गिऱ्हाइकाशी वाद घालून कोणाचं दार उघडलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

ओपनर म्हणजे काय ते आधी सांगतो. गॅरेजच्या छताला एक मोटर लटकवतात. रिमोट दाबला की ती साखळी ओढते आणि दार वर सरकत छताखाली आडवं होतं. लाइट नसली की मोटर मुकी. मग वरून लोंबणारी लाल दोरी ओढायची. त्याने दार मोटरपासून सुटतं आणि हाताने उचलता येतं. स्प्रिंग असल्यामुळे सगळं वजन अंगावर येत नाही, पण पहिला हिसका खांद्यानेच द्यावा लागतो. बॅटरी बॅकअप असला की यातलं काही करावं लागत नाही. मोटरशेजारी झाकणाच्या डब्यात दोन छोट्या बॅटऱ्या बसतात आणि लाइट नसतानाही दार निमूट उघडतं.

तुम्ही म्हणाल, घरात इन्व्हर्टर असेलच की. तोच तर नव्हता! आख्ख्या कॉलनीत इन्व्हर्टर नसलेलं ते एकच घर. इन्व्हर्टर घेणं म्हणजे आपल्याच खात्यावर अविश्वास दाखवणं, असं काकांचं मत. अंधार झाला की ते खुर्चीत ताठ बसायचे आणि म्हणायचे, "आत्ता येते." नोकरीभर फोनवर लोकांना हेच सांगितलेलं. गॅरेजला दार करायलाही ते तयार झाले ते कॉलनीतली कुत्री गाडीच्या टपावर झोपायला लागली म्हणून.

मी बाहेर जोडे घालत होतो, तेवढ्यात नलूकाकू मागून आल्या. आवाज खाली.

"विनू, बॅटरीवालाच लाव."

"काका नाही म्हणून राहिले ना."

"त्यायचं सोड. माझा हात पाहा." उजवा हात खांद्याच्या वर जाईना. फ्रोझन शोल्डर. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, म्हणून काकू साठाव्या वर्षी पोहायला शिकल्या, आणि तलावापर्यंत कोण नेणार म्हणून गाडी चालवायलाही शिकल्या. बायकांची बॅच सकाळी सहाची. सहा दहाला कोच दीदी आतून कडी लावते, मग कोणी येवो.

"लाइट नसली तं मले दार उचलता येणार नाही," काकू म्हणाल्या. "यायले उठवा लागेल. हे उठले का म्हणतात, आज राहू दे, या वयात काय पोहणं लावलं. आणि मी राहते मग घरी. मले कोणाले न विचारता निघता आलं पाहिजे रे. बस, एवढंच."

मला एकदम वाईट वाटलं. हसत बोलत होत्या, पण डोळे हसत नव्हते.

दुकानात येऊन मी डोकं धरून बसलो. सही करणार काका, दार उघडणार काकू. गिऱ्हाईक कोण? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बरं, काकांना "बॅटरी" शब्दाचंच वावडं. विचार करता करता लक्षात आलं, काकांना ट्रिपिंग मान्य आहे. मग मी खात्याच्याच भाषेत कोटेशन बनवलं. मोटर एक, रेल एक, रिमोट दोन. आणि चौथ्या ओळीत लिहिलं: ट्रिपिंग असिस्ट युनिट, एक नग, आवश्यक.

काका हातात पेन्सिल घेऊन कोटेशन वाचायला लागले. प्रत्येक ओळीला बरोबरची खूण. चौथ्या ओळीवर पेन्सिल थांबली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

"हे काय आहे?"

"ट्रिपिंग झाली का मोटरले सपोर्ट देते, काका." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"स्टँडर्ड आहे?"

"तुमच्यासारख्या साइटले स्टँडर्डच."

काकांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "ट्रिपिंग होऊ शकते," शेवटी म्हणाले. "ती टेक्निकल बाब आहे." आणि सही केली. हसू दाबत चहा आणणाऱ्या काकूंच्या ट्रेमधले कप नुसते खडखडत होते.

मे महिन्यात आंधी आली. रात्रभर झाडं झोडपली गेली, कुठेतरी तारांवर फांदी पडली आणि पहाटेपर्यंत इन्व्हर्टरही संपून आख्खी कॉलनी अंधारात. समोरच्यांचं विजेचं गेट अर्धं उघडून अडकलेलं, मालक त्याला चारचौघांसमोर धक्के मारतोय. आणि पावणेसहाला देशकरांचं दार शांतपणे वर गेलं, काकूंची गाडी निघाली, दार खाली आलं. सातला त्यांचा फोन. "उघडलं रे पोट्ट्या! मी पहिली पोचली!" मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, पण ते असो.

काका मॉर्निंग वॉकला छाती पुढे काढून फिरले. ज्याला त्याला सांगितलं, "लाइट गेली नव्हती. ट्रिपिंग होती. आमची गाडी निघाली ना वेळेवर?" पुढच्या आठवड्यात कॉलनीतले तिघं जण माझ्या दुकानात. "भैया, वो ट्रिपिंग असिस्ट हमको भी लगवाना है." मी चेहरा सरळ ठेवून तिघांना लावून दिला.

पण भीती होतीच. काकांनी एकदा स्टूल घेऊन ते झाकण उघडलं की संपलं. ती बॅटरी निघाली असती आणि काकू परत "आज राहू दे"च्या हवाली.

ही बॅटरी दोन-तीन वर्षं जगते. मरायला टेकली की टूं टूं करते. दोन वर्षांनी एका सकाळी सव्वासहाला माझा फोन वाजला. काका!

"तुझा ट्रिपिंग असिस्ट बोंबलून राहिला. बॅटऱ्या घेऊन ये. ती सात वाजता येते, त्याच्या आत."

बॅटऱ्या म्हणाले. स्कूटरवर मी सगळ्या देवांची नावं घेतली. घरातून गॅरेजमध्ये शिरलो, शिडी लावली. झाकणाचे स्क्रू काढायला काकांनी स्वतः पेचकस हातात दिला.

"बारा व्होल्टच्या दोन आहेत ना? सिरीजमध्ये, एकामागे एक जोडलेल्या?"

मी शिडीवरून पडता पडता राहिलो. "काका, तुम्हाले माहीत होतं?"

"पस्तीस वर्षं टेंडर वाचले मी. चौथ्या ओळीतच समजलं."

"मग बोलले काहून नाही?"

"बोललो असतो तं तुले खरं सांगा लागलं असतं. तू खरं सांगितलं असतं तं मले नाही म्हणा लागलं असतं." काका दाराकडे पाहत म्हणाले, "मग ती पोहायले गेली नसती. आता काम कर. आणि तिले सांगू नको. आपण मले फसवलं म्हणून खूश आहे ती."

मी जुन्या बॅटऱ्या काढल्या. एक खाली ठेवली, दुसरी हातातच होती, आणि गॅरेजमधला दिवा विझला. घरातला पंखा गरगरत थांबला. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. काकू लवकर आल्या होत्या.

बाहेरून रिमोटची टिकटिक. एकदा, दोनदा, पाचदा. मोटर ढिम्म.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, लाल दोरी ओढली, वाकले आणि दोन्ही हातांनी दार उचललं. आधी गाडीचा बंपर दिसला, मग ओल्या केसांच्या काकू, हातात रिमोट. त्यांनी दार डोक्यावर धरून उभ्या असलेल्या काकांना पाहिलं. मग शिडीवर मला. मग माझ्या हातातली बॅटरी.

"काय झालं?" काकूंनी हळूच विचारलं.

आता "ट्रिपिंग" येणार, म्हणून मी वाट पाहत होतो.

"लाइट गेली," काका म्हणाले.

"काय म्हणाले?"

"गेली म्हटलं ना. गाडी आत घे, हात दुखून राहिले माझे."

काकूंनी गाडी आत घेतली. मी नव्या बॅटऱ्या जोडल्या. चहा त्या दिवशी काकांनी केला, बंद पंख्याखाली घाम पुसत.

या धंद्यात मी एवढंच शिकलो: गिऱ्हाईक वस्तूला क्वचितच नाही म्हणतं, बहुतेक वेळा तिच्या नावाला नाही म्हणतं. काकांच्या घरी इन्व्हर्टर अजून नाही. नाव शोधतो आहे.